जमिनीवर आयआरएसची (अमेरिकन करखात्याची) टाच: दाद कुठल्या कोर्टात मागायची?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): प्लॉट विकून झालेल्या नफ्यावर कर कमी भरला म्हणून ‘नोटीस ऑफ डेफिशियन्सी’ आली आहे. आधी पैसे भरायचे की आधी भांडायचं?

नोटिशीवर टॅक्स कोर्टात अर्ज करण्याची शेवटची तारीख छापलेली असते, ती आधी शोधा. 90 दिवस नोटीस पाठवल्यापासून मोजतात, हातात पडल्यापासून नाही. मुदतीत अर्ज गेला तर वादातली रक्कम न भरता तुमचं म्हणणं ऐकलं जातं. अधिकाऱ्याशी फोनवर बोलणं चालू आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात. त्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. न्यू जर्सी ज्या तिसऱ्या सर्किटमध्ये (फेडरल अपील कोर्टाच्या विभागात) येतं, तिथे 2023 च्या कल्प (Culp) खटल्यापासून ठोस कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. पण त्या भरवशावर राहू नका. मुदत गेली तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1960 च्या फ्लोरा निकालाप्रमाणे आधी पूर्ण रक्कम भरायची, मग रिफंड मागायचा आणि तो नाकारला तर फेडरल (केंद्रीय) डिस्ट्रिक्ट कोर्टात किंवा सरकारविरुद्धचे पैशांचे दावे ऐकणाऱ्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये जायचं. ज्यूरी (निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) हवी असेल तर डिस्ट्रिक्ट कोर्टच.

प्रश्न (लान्सिंग, मिशिगन): थकबाकीपोटी आयआरएसने आमची जमीन विकली. नोटीस नियमाप्रमाणे दिली नव्हती. जमीन इथली, घेणारा इथलाच, मग दावा राज्याच्या कोर्टात का चालू नये?

अगदी असाच खटला तुमच्याच राज्यातला आहे. 1994 मध्ये आयआरएसने ग्रेबल कंपनीची जमीन जप्त केली आणि ती डॅरू कंपनीने विकत घेतली. नोटीस सर्टिफाईड मेलने आली आणि मिळालीही होती. पाच वर्षांनी ग्रेबलने राज्याच्या कोर्टात मालकीचा दावा लावला: कायद्याप्रमाणे नोटीस हातात द्यायला हवी होती, टपालाने नाही, म्हणून विक्रीच रद्द. डॅरूने दावा फेडरल कोर्टात हलवला. तो तिथे चालेल का, एवढाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. 2005 मध्ये न्यायमूर्तींनी एकमताने ‘चालेल’ म्हटलं. सगळा दावा फेडरल करकायद्यातल्या एका कलमाच्या अर्थावर उभा होता, आणि त्या अर्थावर सरकारची वसुली आणि लिलावात जमीन घेणाऱ्याचा हक्क दोन्ही अवलंबून होते. तुमचाही दावा तिकडे ओढला जाईल, हे धरून चाला. नोटिशीच्या मुद्द्यावर ग्रेबल खालच्या कोर्टांत आधीच हरली होती, तेव्हा टपालाच्या एका त्रुटीवर सगळी भिस्त ठेवू नका.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. विक्रीनंतर 180 दिवसांत, घेणाऱ्याने दिलेली रक्कम वार्षिक 20 टक्के व्याजासह परत करून जमीन सोडवता येते. ग्रेबलने ते केलं नाही. तुमचे 180 दिवस संपायचे असतील तर आजच बँकेत जा. कोर्टाचं नंतर पाहता येईल.

प्रश्न (पुणे): टेक्सासमधला प्लॉट भावाच्या आणि माझ्या नावावर आहे. त्याच्या थकीत करापोटी बोजा चढला आहे. मी काय करू?

बोजा भावाच्या हिश्शावर आहे, तुमच्या नाही. तुमचा हिस्सा मोकळा असल्याचं ठरवून घ्यायला अमेरिकन सरकारविरुद्ध राज्याच्या किंवा फेडरल कोर्टात दावा लावता येतो. राज्याच्या कोर्टात लावलात तर सरकार तो हलवू शकतं. भावाचा कर बरोबर की चूक, हे मात्र त्यात काढता येत नाही. प्रत्यक्ष तुमच्या हिश्शावर जप्ती आली तर दाद फक्त फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात, दोन वर्षांच्या आत. आणि सरकारने स्वतः दावा लावला तर कोर्ट अख्खा प्लॉट विकायला लावून तुमचा वाटा पैशात देऊ शकतं. त्यामुळे खरेदीखत आणि तुम्ही भरलेल्या पैशांच्या पावत्या आत्ताच एका जागी काढून ठेवा.