उशी पळाली, पातेली रुसली : जुन्या रशियन कार्टूनांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. खेळून आला की हात धुवायला नको, रात्री दात घासायला नको. मैत्रिणीनं ‘मोइदोदीर’ दाखव म्हणून सांगितलं, पण घरात कुणालाच रशियन येत नाही. मग मुलाला काय कळणार?
– एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : रशियन येत नाही ते एका परीनं बरंच आहे. तुम्हाला शेजारी बसून गोष्ट सांगावीच लागेल आणि खरं काम तिथंच होतं. मोइदोदीर म्हणजे ‘भोकं पडेपर्यंत धू’. रशियन बालकवी कर्नेई चुकोव्हस्कीची ही कविता १९२३ची. इवान इवानोव-वानो यांनी तिच्यावर दोनदा चित्रपट केला, १९३९ आणि १९५४ साली. तुम्ही १९५४चा रंगीत दाखवा.

गोष्ट एवढीशीच. मळक्या पोराला कंटाळून त्याच्या वस्तूच घर सोडतात. पांघरूण पळतं, चादर उडते, उशी बेडकासारखी टुणटुण उड्या मारत निघून जाते. मग हात धुवायचं जुनं रशियन कपाट चालत येतं आणि पोराला झापतं. हे कपाट मुलाला आधी समजावून सांगा, कारण तसलं त्यानं पाहिलेलं नसतं : वर हातानं भरायची पाण्याची टाकी, तिला तोटी, खाली भांडं. तोटी हेच त्याचं नाक. पोरगं पळत सुटतं, अंगघासणी त्याच्या मागे लागते, शेवटी मगर ती घासणी गिळते आणि त्याला अंघोळीला घरी पिटाळते. अंघोळ झाली की वस्तू आपणहून परत.

आधी एकट्यानं एकदा बघून घ्या. यूट्यूबवर मराठी सबटायटल्सचा पर्याय दिसला तरी त्यावर विसंबू नका. भराभर म्हटलेल्या यमकांचं यांत्रिक भाषांतर भलतंच होतं. शब्दाला शब्द लावायला जाऊ नका. ‘बघ, उशी रुसली’ एवढं पुरतं. दाखवायचं ते संध्याकाळी, मूल खेळून आल्यावर आणि जेवणाआधी, म्हणजे संपलं की थेट मोरीत जाता येतं. दुपारी कार्टून आणि हात रात्री, असं केलंत तर मुलाच्या डोक्यात दोन्हींचा काही संबंध राहत नाही. पहिले आठ-दहा दिवस त्याच्या टॉवेलला किंवा सोपकेसला दोन डोळे चिकटवून ठेवा आणि हात न धुता ताटावर आला तर टॉवेल उचलून शांतपणे दाराकडे चालू लागा. रागावू नका, रुसलाय तो टॉवेल.

‘भोकं पडेपर्यंत’ मात्र इंदूरला परवडत नाही. नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेलं असतं. साध्या नळातून मिनिटाला सहा-आठ लिटर सहज जातं, म्हणजे वीस सेकंद साबण चोळताना नळ चालू राहिला तर दोन-अडीच लिटर फुकट. हात ओले करायचे, नळ बंद, साबण लावून वीसपर्यंत मोजायचं, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे चोळायचे, मग अर्ध्या मगात धुवायचे. नळ बंद करायचं काम मुलालाच द्या. मुलांना त्यात जास्त मजा वाटते.

दातांसाठी ‘राणी टूथब्रश’ हे १९६२चं कार्टून आहे, पण ते मोइदोदीरनंतर. एका आठवड्यात दोन सवयी लावायला गेलात तर एकही लागत नाही.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या नातीनं ‘मोइदोदीर’ पाहिलं आणि आता ती बेसिनजवळही जात नाही. काय चुकलं?
– एक आजोबा, रामबाग

उत्तर : तीन वर्षांला ते जरा लवकरच झालं, आजोबा. ते कपाट अचानक येऊन खेकसतं आणि मगरही मोठी आहे. भीती वाटली की बहुतेक घरांत पटकन बंद करतात. मग मुलाच्या डोक्यात मगरीचा जबडाच राहतो, शेवटची गळाभेट त्यानं पाहिलेलीच नसते. थांबवायचं असेल तर शेवटाकडे ढकला, तो दाखवा आणि मग बंद करा. दुसरी एक शंका : घरात कुणी ‘थांब, मोइदोदीर येईल हं’ म्हणालं होतं का? तसं म्हटलं की त्याचा बागुलबुवा होतो, आणि बागुलबुवा मोरीत राहतो म्हटल्यावर मूल मोरीत कशाला जाईल?

आता उलटं करा. नातीला मोइदोदीर होऊ द्या आणि तुम्ही मळके व्हा. तिनं तुम्हाला झापायचं, तुम्ही घाबरून हात धुवायचे. चार-पाच दिवसांत ती बेसिनशी परत येते.

तिच्या वयाला ‘फेदोराचं दुःख’ जास्त बरं. कविता चुकोव्हस्कीचीच, १९२६ची; नतालिया चेर्विन्स्काया यांचा चित्रपट १९७४चा. फेदोरा आजी भांडी घासत नाही म्हणून चाळणी, परात, पातेली, चमचे सगळेच रानात पळून जातात. आजी रडत मागे जाते आणि कबूल करते, तुम्हाला वाळूनं घासीन, कढत पाण्यानं विसळीन. इथं घरातल्या आजीबाईंनी राखेनं भांडी कशी घासायची ते सांगावं. हे पाहून झालं की नातीला तिची वाटी-चमचा स्वतः मोरीत ठेवू द्या. घासायचा आग्रह नको, तीन वर्षांला एवढंच काम पुरे.

प्रश्न : नातू सात वर्षांचा. पाणीसुद्धा हातात लागतं. आळशी मुलांसाठी काही आहे का?
– एक आजी, इंदूर

उत्तर : आहे, आणि ते सगळ्यांत उत्तम आहे : ‘वोव्का दूरदेशीच्या राज्यात’, १९६५, दिग्दर्शक बोरिस स्तेपान्त्सेव. वीसेक मिनिटांचं. वोव्काला परीकथेत जाऊन आयतं खायचंय. तिथं राजा स्वतः कुंपण रंगवत असतो. वोव्काला पेटीतले दोन नोकर मिळतात, सांगाल ते ‘हो’ म्हणून करणारे. तो मिठायांची नावं बोटांवर मोजायला लागतो तर बोटंही तेच मिटतात. मिठाई आली तर तीही त्याच्याऐवजी तेच खातात! पुढे कामं सांगितली तर लाकडं मळतात आणि कणीक कुऱ्हाडीनं तोडतात. वोव्काला राग येतो, पण स्वतः कसं करायचं ते त्यालाही ठाऊक नसतं.

लाकडं मळण्याच्या प्रसंगावर नातू हसला की त्याच दिवशी त्याला कणीक मळायला बसवा. एक वाटी कणीक, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी पाणी. मुलं सगळं पाणी एकदम ओततात आणि मग गोळा हाताला चिकटतो. पाणी चमच्याचमच्यानं घालायला लावा. तरीही चिकटलं तर चमचाभर कोरडी कणीक, आणि पंधरा मिनिटं झाकण. पोळी नकाशासारखी आली तरी त्याच्याच ताटात पडू द्या, तुम्ही सरळ करू नका. सरळ करणारा दुसरा कुणी आहे म्हटलं की ते पेटीतले दोघं घरीच आले म्हणायचे, आजी.

प्रश्न : ‘नू, पगादी!’ चालेल का?

उत्तर : लांडगा सशामागे धावतो ते कार्टून ना? करमणुकीला जरूर. १९६९पासून आलेले छोटे भाग, संवाद जवळजवळ नाहीत, भाषेची अडचणच नाही. पण लांडगा सिगारेट ओढतो, खोड्या काढतो आणि मुलांना आवडतो तो लांडगाच. सवयींसाठी ते नाही.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाची लस बाकी आहे, सुईचं नाव काढलं की पलंगाखाली जातो.

उत्तर : पाच-सहा वर्षांला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा) दुसरा बूस्टर असतो, तोच असेल. लिओनिद अमाल्रिक यांचं १९६६चं ‘लसीला घाबरणारा पाणघोडा’ दाखवा : पाणघोडा लस चुकवून पळतो, त्याला कावीळ होते आणि तो पिवळाधमक होतो. पण मुलाला हे सांगा की त्याची लस काविळीची नाही, नाहीतर तो आरशात रंग बघत बसेल. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी दाखवा, त्याच सकाळी नको. आणि ‘दुखणार नाही’ असं म्हणू नका. चिमटा बसेल, दहा मोजेपर्यंत संपेल, असं सांगा आणि खरंच दहा मोजा.