तयार मजकुराची हरकत

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सरकारी मसुद्यावर हरकत घ्यायला तू पाठवलेला तयार मजकूर वाचला. खाली नाव घालून मेल करायचा, एवढंच काम. जरूर कर, पण हरकत नोंदवली असं त्यावरून समजू नकोस.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कुठली साइट बघता त्यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावावेत का, याबद्दल लोकांची मतं मागवली. प्रश्न चारच होते. फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या निवडक साइट फुकट देणाऱ्या आपल्या योजनेसाठी बटण दाबलं की मेल जाईल अशी सोय केली आणि मेलचा पाऊस पडला. ट्रायचा सवाल साधा होता: पाठिंबा कळला, आमच्या प्रश्नांची उत्तरं कुठे आहेत? ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदी आली. गंमत म्हणजे नेट न्यूट्रॅलिटीवाल्यांनीही, म्हणजे सगळ्या साइटना सारखीच वागणूक मागणाऱ्यांनीही, त्याआधी एप्रिल २०१५ मध्ये तयार मजकूरच वाटला होता, दहा लाखांवर मेल गेले. पण त्यात ट्रायच्या तेव्हाच्या वीस प्रश्नांची एकेक करून उत्तरं होती.

तेव्हा बातमी बाजूला ठेव, राजपत्रातला मसुदाच उघड. २०२० च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यात जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत तीस दिवसांवरून वीसवर आणली होती. ‘मसुदा रद्द करा’ म्हणणाऱ्याला साहेब काय उत्तर देणार? त्यापेक्षा असं लिहावं: ‘या कलमात तीस दिवसच ठेवावेत. आमच्या वाडीत नोटीस तालुक्याहून येते, जाडजूड अहवाल इंग्रजीत असतो, तो समजावून सांगणारा माणूस शोधण्यातच पंधरवडा जातो.’ कलम, बदल, कारण. हे तुझ्या वाडीतलं कारण दिल्लीत कुणाला सुचणार नाही.

आणि मराठीत लिही, बिनधास्त. तो मसुदा इंग्रजी-हिंदीतच निघाला होता. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत भाषांतर करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला सांगितलं आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली.

मुदतीचं नीट बघ. पर्यावरणाच्या मसुद्यांवर हरकतीला सहसा साठ दिवस मिळतात, तेही राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून. सहीच्या तारखेपासून नव्हे. इतर खात्यांचं वेगळं असतं. पाठवलेला मेल जपून ठेव. अंतिम अधिसूचनेत ‘आलेल्या हरकतींचा यथोचित विचार केला’ असं एक ठरीव वाक्य येतं. तुझ्या मुद्द्याचा काय विचार झाला, हे मग माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

तुझं लिहून झालं की मला दाखव. विषयाच्या ओळीत अधिसूचनेचा का.आ. क्रमांक (राजपत्रात तिच्यावर छापलेला) आहे का, ते मी आधी बघेन.

तुझा,
काका