‘मॅडम, आता वाटीभर जातंय, पोट परत मोठं झालं काय?’

मृगाचा पाऊस नुकता लागला होता. बेळगावच्या शहापूर भागातल्या एक बाई सासूबाईंना घेऊन आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले होते. ११२ किलोंवरून वजन ८५ वर आलं होतं, गुडघे हलके झाले होते. तरी बाईंचा चेहरा उतरलेला. बसल्या बसल्या त्यांनी जे विचारलं तेच मी वर शीर्षकात दिलंय. हा प्रश्न घेऊन सहाव्या-सातव्या महिन्यात कितीतरी जण येतात, आणि बहुतेकांच्या मनात आपण काहीतरी गुन्हा केल्याची भावना असते.

बाईंचं माहेर खानापूर तालुक्यातलं. उन्हाळ्यात गावची लक्ष्मीची जत्रा झाली. आपल्याकडे जत्रा म्हणजे काय ते सांगायला नको, अंगणभर पंगती आणि ‘जेवल्याशिवाय जायचं नाही’ हा हट्ट. तिथं त्यांनी अर्धी भाकरी आणि वाटीभर मटण खाल्लं. काही त्रास झाला नाही, आणि याचीच त्यांना भीती बसली. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात चार चमचे पातळ डाळीवर पोट तटकन भरायचं. आता एवढं गेलं म्हणजे पोट ताणलं, पैसा गेला, सगळं वाया गेलं. घरी परतल्यावर त्यांनी जेवण तीन चमचे आमटी-भातावर आणलं. पाच आठवडे तेच चाललं होतं. चक्कर यायची, विंचरताना कंगवा केसांनी भरायचा.

त्यांचं ऑपरेशन स्लीव्हचं. त्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि केळ्यासारखी एक नळी मागे ठेवतात. सुरुवातीला तिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं. पहिले काही आठवडे ती नळी सुजलेली असते, टाके ताजे असतात, म्हणून चार चमच्यांत दाटून येतं. सूज उतरते, नळी थोडी सैल होते, आणि जेवण वाढतं. दोन महिन्यांच्या सुमारास पाव ते अर्धा कप, सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान साधारण एक कप, हे अपेक्षितच आहे. माणसागणिक थोडं मागंपुढं होतं. पण पूर्वीसारखं दोन भाकऱ्या, भात आणि वर ताक असं एका बैठकीत जाणार नाही. मी त्यांना म्हटलं, ‘तुमचं पोट मोठं झालेलं नाही. ते बरं झालंय.’ त्या रडल्या. सासूबाई पदर तोंडाला लावून गप्प बसल्या होत्या.

इथं माझीही एक चूक कबूल करायला हवी. दवाखान्यातून घरी जाताना त्यांना आहाराचा कागद मिळाला तो इंग्रजीत. बाई मराठी शाळेत शिकलेल्या, कन्नड बोलतात, पण इंग्रजी वाचत नाहीत. तिसऱ्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी तो तोंडी समजावला आणि ‘हळूहळू एक वाटीपर्यंत’ असं सांगून मोकळी झाले. कुठली वाटी, ते सांगितलंच नाही. म्हणून या वेळी मी त्यांना पुढच्या आठवड्यात घरच्या वाट्या आणि दुपारचं जेवण घेऊन बोलावलं.

त्यांनी दोन स्टीलच्या वाट्या आणल्या. औषधाच्या मापानं पाणी भरत गेलो. आमटीची वाटी १२० मिलीला काठोकाठ झाली. पायसाची, जरा पसरट दिसणारी, २२० मिली झाली तरी वर जागा होती. घरात दोन्हींना ‘वाटी’च म्हणतात. तीन महिने ही बाई कधी एकीतून, कधी दुसरीतून जेवत होती आणि एक दिवस खुशीत, एक दिवस धास्तीत राहत होती.

मग त्या माझ्यासमोर जेवल्या. एक उकडलेलं अंडं, मोडाच्या मटकीची घट्ट उसळ, चतकोर भाकरी. आधी अंडं आणि उसळ, भाकरी शेवटी. घास बोटाच्या पेरापेक्षा लहान, तोंडात पार पातळ होईपर्यंत चावायचा, दोन घासांच्या मध्ये हात ताटाबाहेर. चौदाव्या मिनिटाला त्यांना एक बारीक उचकी लागली.

‘कोण गे आठवण काढतंय? पाणी पी,’ म्हणत सासूबाईंनी तांब्या पुढं केला.

मी तांब्यावर हात ठेवला. आपण सगळेच असं वाढलोय, उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतं आणि पाणी प्यायचं असतं. पण अशा ऑपरेशननंतर अनेकांना पोट भरल्याची खूण अशीच मिळते. कुणाला उचकी, कुणाचं नाक वाहतं, कुणाला शिंक येते, कुणाला छातीच्या मधल्या हाडाखाली जडपणा. नेहमीचं ‘पोट भरलं’ वाटेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, पुढच्या दोन घासांनी कळ येते किंवा उलटी होते. पाणी जेवणाआधी आणि जेवल्यानंतर अर्धा तास सोडून, घोट घोट, दिवसभरात दीड लिटरच्या पुढं. बाईंनी ताट सरकवलं. भाकरीचा एक तुकडा उरला होता. मी म्हटलं, ‘हे तुमचं माप. उद्या कदाचित दोन घास कमी, परवा एक जास्त.’

तीन चमच्यांवर त्या जगत कशा होत्या, हा प्रश्न मला छळत होता. विचारत गेले तशी दुपारची चार वाजताची गोष्ट निघाली. चहात बुडवून तीन-चार खारी. फोडणीचे पोहे मुठीनं. कुणी कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, डबा आणला असेल तर येता-जाता चमचा. ते जेवण नव्हे म्हणून कधी मोजलंच नाही. मला काळजी वाटते ती या खाण्याची. भिजलेली खारी, कुंदा, आइस्क्रीम हे जठरात थांबत नाही, घसरत पुढं जातं, म्हणून उचकी लागत नाही आणि कितीही जातं. वजन परत चढतं ते बऱ्याचदा या वाटेनं. मटण, अंडं, उसळ, पनीर हे पोटात टिकतं. जत्रेतल्या वाटीची शिक्षा म्हणून जेवण तोडलं, आणि त्या भुकेनं त्यांना खारीकडं नेलं.

दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. तीन चमचे आमटी-भातात तीन वेळा मिळूनही २० होत नाहीत. आम्ही कागदावर मराठीत मांडलं: दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम पनीर ९, घट्ट डाळीची लहान वाटी ६, शंभर ग्रॅम शिजलेलं चिकन २५ च्या आसपास, आणि नसेल त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली पावडर. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मधेच बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू करायला सर्जनकडं पाठवलं. ही औषधं जन्मभराची. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला ठासून सांगते: पाणीही टिकत नाही अशा उलट्या होत असतील तर माझ्याकडं नका येऊ, थेट सर्जनकडं जा, त्याच दिवशी.

सासूबाई निघताना म्हणाल्या, ‘मी हिला वाढायचंच सोडलं होतं. काय दिलं की हिचं वाईट होईल असं वाटायचं.’ चाळीस वर्षं ज्या हातानं घर जेवलं, तो हात सात महिने आखडला होता. हे मला आधी दिसायला हवं होतं. सकाळची अंडी उकडायचं आणि उसळीला मोड आणायचं काम मी त्यांच्याकडंच दिलं.

दोन महिन्यांनी दोघी परत आल्या. वजन ८२. चक्कर थांबली होती. केस अजून थोडे गळत होते. ते यायला आणखी काही महिने लागतील हे मी सांगितलं. चारच्या चहाबरोबर आता भाजलेले फुटाणे असतात, नीट चावून. आमटीच्या वाटीला सासूबाईंनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, म्हणजे घरात कुणी दुसरी देऊ नये.

तुळशीच्या लग्नानंतर दिराच्या मुलीचं लग्न आहे. मांडे होणार, आणि पंगतीत चुलत सासवा विचारणार, ‘एवढंच जेवूलीस?’ बाईंनी आत्ताच विचारून ठेवलंय, मांडा किती खाऊ. आधी घरून अंडं खाऊन निघायचं, मांड्याचा चतकोर, तोही शेवटी, आणि उचकी आली की हात धुवायचा. चुलत सासवांना काय सांगायचं ते मी बघते, असं सासूबाई म्हणाल्यात.