'द्राक्षारस' : रस की मद्य?

प्रश्न असा आहे : मराठी बायबलमध्ये जागोजागी 'द्राक्षारस' हा शब्द येतो. त्याचा अर्थ ताजा रस घ्यायचा की मद्य? आणि मद्य घेतला, तर कित्येक ख्रिस्ती मंडळ्या दारूला शिवतही नाहीत, त्याची संगती कशी लावायची?

आधी शब्दापुरते बोलतो. मराठी बायबलमधला द्राक्षारस म्हणजे आंबलेला, चढणारा द्राक्षारस. आजच्या बोलीत वाइन. नोहा द्राक्षमळा लावतो, द्राक्षारस पितो आणि त्याला नशा चढून तो डेऱ्यात उघडा पडतो, हे बायबलच्या पहिल्या, उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. ताज्या रसाने असे होत नाही. तिथे हिब्रू शब्द 'यायिन' आहे. नव्या करारात त्याच्या जागी ग्रीक 'ओइनोस' येतो.

घोटाळा होतो तो 'रस' या अर्ध्या भागामुळे. मराठी कानाला रस म्हटले की उसाचा, आंब्याचा, नुकता पिळलेला रस आठवतो; आंबण्याची कल्पना त्यात नसते. आंबवलेल्या द्रवासाठी आपल्याकडे 'आसव' हा नेमका शब्द होता, आणि आयुर्वेदात 'द्राक्षासव' आहेच. त्यात मद्यार्क बाहेरून घालत नाहीत, तो आंबताना आतच तयार होतो. अर्थाच्या दृष्टीने द्राक्षासव अधिक चोख बसला असता असे मला वाटते. पण तो शब्द औषधाच्या बाटलीला इतका चिकटला आहे की बायबलमधल्या लग्नाच्या पंगतीत तो शोभला नसता.

घोटाळ्याचे दुसरे कारण 'द्राक्षारस व मद्य' या जोडीत आहे. बाप्तिस्मा करणारा योहान दोन्ही पिणार नाही, असे लूकच्या पहिल्याच अध्यायात येते. ही जोडी वाचून मराठी वाचक सहज समजतो की एक मद्य आहे, म्हणजे दुसरे मद्य नसणार. मुळात मात्र दुसरा शब्द हिब्रू 'शेखार', ग्रीकमध्ये 'सिकेरा', म्हणजे धान्य, खजूर वगैरेंपासून केलेले मादक पेय. भेद कशापासून केले याचा आहे. चढते की नाही याचा नाही.

मला सगळ्यात निर्णायक वाटते ते बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातले तिसरे वचन. नाजीराचा, म्हणजे स्वतःला देवाला वाहून घेण्याचा, नवस करणाऱ्याने काय काय टाळायचे, याची तिथे यादी आहे : यायिन, शेखार, या दोहोंची आंब (म्हणजे शिरका), द्राक्षांचा रस, ओली द्राक्षे आणि सुकी द्राक्षेही. म्हणजे नुसता रस सांगायचा झाला तेव्हा मूळ लेखकाने वेगळे शब्द वापरले. यायिनमध्येच रस आला असता, तर यादीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली नसती. या ओळीतली 'आंब' पाहा. आंबणे, आंबट, आंब ही एकाच घरची माणसे. द्राक्षारस आणखी आंबला की आंब होते, हे मराठी शब्दच सांगून जातो.

येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्या काना गावच्या लग्नातही तेच. भोजनाचा कारभारी वराला म्हणतो, लोक आधी चांगला द्राक्षारस वाढतात आणि पाहुणे यथेच्छ प्याले की मग हलका. तिथले ग्रीक क्रियापद 'मेथिस्को', म्हणजे धुंद करणे. त्याच्या मुळाशी असलेला 'मेथि' हा शब्द आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ आहे. आणि इफिसकरांस पत्रात 'द्राक्षारसाने मस्त होऊ नका' असे जिथे बजावले आहे, तिथेही हेच क्रियापद आहे. एकाच ओइनोसला लग्नात मान आणि पत्रात ताकीद. ताकीद आहे ती मस्तीला.

मग 'बायबलमध्ये चांगले म्हटले तो रस आणि वाईट म्हटले ते मद्य' ही वाटणी कुठून आली? ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातल्या मद्यत्यागाच्या चळवळींत रुजली. दारूने संसार धुळीला मिळताना ज्यांनी पाहिले, त्यांना प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीच्या, प्याल्यातही मद्य नको होते. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण साधी अडचण होती : द्राक्षाच्या सालीवर किण्व (यीस्ट) असतेच, रस काढला की तो आपसूक आंबू लागतो. द्राक्षतोडणी उन्हाळ्याच्या शेवटी आणि वल्हांडण, म्हणजे येशूचे शेवटचे भोजन ज्या यहुदी सणाच्या वेळी झाले तो सण, वसंतात. त्या काळी एवढे महिने रस ताजा राखणे कठीणच होते. अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९मध्ये पाश्चरचे, म्हणजे तापवून किण्व मारण्याचे, तंत्र वापरून न आंबणारा रस बाटलीत भरला, तो प्रभुभोजनासाठीच. आज अनेक मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांत असाच रस देतात. शेवटच्या भोजनाच्या वर्णनात प्याल्यासाठी ओइनोस शब्द न येता 'द्राक्षवेलाचा उपज' असे म्हटले आहे, याचा ते आधार घेतात. त्या भोजनापुरता तो मुद्दा विचार करण्याजोगा आहे. बाकी सगळ्या द्राक्षारसाला तो लावता येत नाही.

आणि मद्य वर्ज्य मानणाऱ्याला शब्द वाकवायची गरजही नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल स्वच्छ लिहितो की आपल्या भावाला ठेच लागत असेल तर मांस न खाणे, द्राक्षारस न पिणे चांगले. इथला द्राक्षारस खरा मद्य असला तरच सोडण्याला वजन येते. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायातल्या रेखाबी लोकांपुढे द्राक्षारसाचे प्याले ठेवले, तरी पूर्वजाच्या शब्दाला जागून त्यांनी ते नाकारले. रस नाकारल्याची गोष्ट असती तर ती सांगावी कशाला?

पौलाचाच दुसरा सल्लाही वाचावा : आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तो सांगतो, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. इथे मला नेहमी आपला 'दारू' शब्द आठवतो. फारसीत दारू म्हणजे औषध. 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून तीमथ्याची 'दारू' अगदी मूळ अर्थाची, पण आजच्या भाषांतरात ती घालू नये. मराठीत दारू म्हटले की व्यसनाचा वास येतो आणि वचनाचा तोल जातो.

तेव्हा ख्रिस्ती वर्तुळाबाहेरच्या वाचकांसाठी लिहिताना मी सरळ 'वाइन' लिहीन. उपासनेच्या भाषेत द्राक्षारस राहू द्यावा, तिथे त्याचा अर्थ मंडळीला ठाऊक असतो. कॅथलिकांच्या मिस्सेत, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, प्याल्यात खरी वाइनच लागते. पण ज्या धर्मगुरूला मद्यार्क मुळीच चालत नाही, त्याला परवानगीने 'मुस्तुम' वापरता येते : आंबायला लागलेला, पण तिथेच थांबवलेला द्राक्षांचा रस. त्याला मराठीत काय म्हणावे, असे कुणी विचारले तर 'द्राक्षारस' हा शब्द तिथे अक्षरशः बसतो.