आधी फ्रीझर, मग मशीन, फ्लेवर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आसपासच्या शेतकऱ्यांकडून दूध आणि फळं घेऊन छोट्या बॅचमध्ये आइस्क्रीम बनवायचं आहे, बारा फ्लेवरची यादी तयार आहे, 'केमिकल' अजिबात नको आहे आणि आता फक्त मशीन कोणतं घ्यायचं तेवढं ठरायचं बाकी आहे. मशीनचं शेवटी बोलू. आधी त्या यादीतले आठ फ्लेवर खोडा. उरलेल्या चारांत दोन असे हवेत की ज्यांचा माल वर्षभर मिळतो, बाकीचे दोन हंगामाप्रमाणे बदलत राहतील. बारा फ्लेवर म्हणजे बारा अर्धवट भरलेले डबे. त्यातले सात महिनाभर फ्रीझरमध्ये पडून राहणार आणि तुमच्या नावावर विकले जाणार.

ताज्या फळाची अडचण चवीत नसते, पाण्यात असते. चांगल्या बेसमध्ये (दूध, क्रीम आणि साखरेचं मूळ मिश्रण, यालाच पुढे मिक्सही म्हटलं आहे) साधारण ६० ते ६४ टक्के पाणी असतं, बाकी स्निग्धांश, दुधातले इतर घन पदार्थ आणि साखर. स्ट्रॉबेरीत मात्र ९० टक्क्यांच्या वर पाणी. समजा तुमच्या बेसमध्ये ६२ टक्के पाणी आणि १४ टक्के स्निग्धांश आहे. पाऊण किलो बेसमध्ये पाव किलो कच्चा गर घातला की पाणी ६९ टक्क्यांवर जातं आणि स्निग्धांश साडेदहावर येतो. बनवल्या दिवशी हे छान लागतं. चार दिवसांनी चमचा घालाल तर दाताखाली बर्फाची कचकच. मग लोक म्हणतात, मशीन बरोबर नाही. मशीन बिचारं ठीक असतं.

उपाय दोन. एक तर गर मंद आचेवर आटवायचा किंवा फळ ओव्हनमध्ये भाजून त्यातलं पाणी कमी करायचं. पाव किलो गर निम्म्यावर आणला तर वरच्या हिशेबात पाणी ६५ टक्क्यांच्या आसपास येतं. ज्यांचा वास उष्णतेने उडून जातो अशा फळांसाठी दुसरा उपाय: फळाचा बेस वेगळा बांधायचा, म्हणजे त्यात क्रीम आणि दूध पावडर आधीच जास्त धरायची. पावडर मात्र हात राखून. ती फार झाली तर काही दिवसांनी लॅक्टोजचे, म्हणजे दुधातल्या साखरेचे, स्फटिक होतात आणि आइस्क्रीम जिभेवर रेतीसारखं लागतं. आंबट फळ गरम मिक्समध्ये कधीही घालू नका, दूध फाटेल. मिक्स थंड होऊन मुरल्यावर, मशीनमध्ये टाकायच्या अगदी आधी घाला. अननस आणि किवी कच्चे घातले तर त्यांच्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि बॅच कडू होते, म्हणून ते आधी शिजवूनच घ्या.

शेतकऱ्याकडून माल घेताना दिसायला सुंदर फळासाठी पैसे मोजू नका. डागाळलेलं, आकाराने वेडंवाकडं पण झाडावर पूर्ण पिकलेलं फळ तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं, आणि ते इतर गिऱ्हाइकांना नको असतं. सडकं वेगळं, डागाळलेलं वेगळं, हे पहिल्याच खरेदीला स्पष्ट करून घ्या. रसातली साखर मोजायला एक रिफ्रॅक्टोमीटर घ्या, हातात मावतो एवढा असतो. एकाच शेतातल्या फळाचा ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, आठवड्यागणिक बदलते, आणि तुम्ही साखर तीच ठेवलीत तर आइस्क्रीम एकदा दगड होईल, एकदा पातळ. हंगामात गर काढून पिशव्यांत सपाट, पातळ थरात गोठवा. जाड गोळा गोठायला वेळ लागतो आणि नंतर एका बॅचपुरता तोडताही येत नाही. दूध थेट गोठ्यातून घेणार असाल तर प्रत्येक वेळी फॅट मोजा, नाहीतर पाणी-स्निग्धांशाचा वरचा सगळा हिशेब हवेत.

साखर फक्त गोडीसाठी असते हा समज सोडा. ती मिक्सचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून आइस्क्रीम चमच्याने निघतं. डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजची पूड) साध्या साखरेच्या जवळपास दुप्पट मऊपणा देतो आणि गोडी मात्र पाऊण पट. स्थानिक मध वापरायची हौस सगळ्यांनाच असते (मलाही आहे), पण मध साखरेपेक्षा गोडही जास्त आणि मऊही जास्त करतो. सगळी साखर काढून त्या जागी मध घातलात तर आइस्क्रीम डब्यात उभंच राहणार नाही. थोडी साखर काढून तेवढ्यापुरता मध घाला. आणि मिक्स चाखताना ते थोडं जास्तच गोड लागलं पाहिजे, कारण थंडीत जिभेला गोडी कमी कळते.

'केमिकल नको' या हट्टाबद्दल. ग्वार गम म्हणजे गवारीच्या बियांची पूड, लोकस्ट बीन गम हेही एका झाडाच्या बियांचंच. एक किलो मिक्समध्ये दोन ते तीन ग्रॅम पुरतं. त्याने पाणी बांधलं जातं आणि बर्फाचे कण मोठे होण्याचा वेग कमी होतो. त्याच दिवशी संपणार असेल तर त्याशिवाय चालेल. गिऱ्हाईक डबा घरी नेणार असेल तर घाला, लेबलवर लिहा, विचारलं तर सांगा. गम साखरेत कोरडा मिसळूनच दुधात टाका, नाहीतर गुठळ्या होतात. लोकस्ट बीन पूर्ण फुलायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं, ग्वार गारही फुलतो.

पाश्चरायझेशन, म्हणजे जंतू मारण्यासाठी मिक्स तापवणं: ६९ अंशांवर ३० मिनिटं, मग झटपट ४ अंशांपर्यंत गार, आणि किमान चार तास, जमल्यास रात्रभर मुरत ठेवायचं. ही पायरी गाळू नका. स्निग्धांश घट्ट होतो, गम फुलतो, हवा नीट धरली जाते. पण खरा धोका पाश्चरायझेशननंतर असतो. १९९४ साली अमेरिकेत पाश्चराइझ केलेलं मिक्स ज्या टँकरमधून नेलं, त्यात आधी कच्ची अंडी वाहिली होती. साल्मोनेला या जंतूने सुमारे २,२४,००० लोक आजारी पडल्याचा अंदाज निघाला. तुमच्याकडे टँकर नसेल, पण न धुतलेला पुदिना, नंतर घातलेले फळाचे तुकडे, स्पॅच्युला, गाळणी हे सगळं असेलच. लिस्टेरिया हा दुसरा जंतू फ्रिजमध्येही वाढतो आणि गोठवून मरत नाही. शेवटी घालायची प्रत्येक वस्तू शिजवलेली किंवा भाजलेली असावी. सुकामेव्याची बॅच दिवसाच्या शेवटी लावा, कारण ॲलर्जीचा मामला आहे. परवाना आणि लेबलचे नियम जागोजागी वेगळे, ते डबे छापायच्या आधी बघा.

आता फ्रीझर, कारण इथेच घोडं पेंड खातं. मशीनमधून आइस्क्रीम बाहेर येतं तेव्हा ते उणे ५-६ अंशांवर असतं आणि त्यातलं जेमतेम अर्धं पाणी गोठलेलं असतं. उरलेलं किती लवकर गोठतं त्यावर पोत ठरतो. हळू गोठलं की कण मोठे. साध्या डीप फ्रीझरमध्ये एकदम वीस डबे ठेवलेत तर आतलं तापमान चढतं, नवे डबे रात्रभर मऊ राहतात आणि जुन्या मालाचीही वाट लागते. म्हणजे दिवसाला किती लिटर बनवू शकता हे मशीनवर लिहिलेल्या आकड्यावर ठरत नाही, फ्रीझर किती डबे उणे १८ पर्यंत पटकन नेतो त्यावर ठरतं. ब्लास्ट फ्रीझर (जोराच्या गार हवेने झटपट गोठवणारा) परवडत नसेल तर डबे छोटे आणि उथळ घ्या, आधीच गार करून ठेवा, मध्ये हवा खेळेल अशी जागा सोडा, आणि गोठवायचा फ्रीझर वेगळा, साठवणीचा वेगळा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर घेऊ नका. बर्फ वितळवण्यासाठी तो मधूनमधून गरम होतो आणि प्रत्येक वेळी कण थोडे मोठे होतात.

किंमत काढताना वजन आणि लिटर यांची गल्लत करू नका. एक भांडं काठोकाठ मिक्सने भरून वजन करा, समजा ५५० ग्रॅम. तेच भांडं मशीनमधून आलेल्या आइस्क्रीमने भरा, समजा ४२०. फरक १३०, त्याला ४२० ने भागा: ३१ टक्के. हा ओव्हररन, म्हणजे मिक्सच्या आकारमानाच्या तुलनेत किती हवा शिरली ते. छोट्या बॅचमध्ये २० ते ४० टक्के ठीक. हा आकडा रोज लिहा, कारण तो खाली आला की तेवढ्याच मिक्समधून डबे कमी भरतात आणि नफा नकळत गळतो. शिवाय साल-बी काढून फळाचा गर किती उरला, मशीनला चिकटून किती राहिलं, चव बघायला किती गेलं, हे सगळं खर्चात धरा.

मशीन जुनं चालेल. विकणाऱ्याकडे स्वतःचं मुरलेलं मिक्स घेऊन जा आणि घड्याळ लावून बॅच चालवून बघा. वरची चकाकी जाऊन आइस्क्रीम कोरडं दिसू लागेपर्यंत साधारण दहा मिनिटं लागली तर कॉम्प्रेसर ठीक आहे. वीस लागली तर आधी ब्लेड बघा. धार गेली की सिलिंडरच्या भिंतीवर बर्फाचा थर राहतो, थंडी आत पोचत नाही. ब्लेड बदलता येतात, फक्त त्या मॉडेलचे अजून मिळतात का ते विचारून मगच पैसे द्या.