पिकपचे आवाज: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

केळी-कापसाच्या भाड्यावर दोन-तीन लाख किलोमीटर पळालेल्या पिकपांबद्दलची ही पत्रं. आवाज कसा येतो हे सगळ्यांनी हौसेनं लिहिलंय, कधी येतो हे थोड्यांनीच. एकाची घरघर ती दुसऱ्याची खरखर. वेग, रेस, लोड, क्लच, ब्रेक, स्टिअरिंग यांतलं काय बदललं की आवाज बदलतो, एवढं कळलं तर निम्मं काम गाडी न खोलता होतं.

प्रश्न: गाडी पावणेतीन लाख किलोमीटर चालली आहे. केळी भरून सावद्याकडे जाताना ४० ते ६० च्या वेगात मागून घूंऽऽ असा आवाज येतो. रिकामी असली की जवळपास नाही. गॅरेजवाले म्हणतात, हौसिंग (मागच्या ॲक्सलचा मधला गोळा) खोलून क्राउन-पिनियन (त्यातली दातेरी चाकांची जोडी) बदला. बदलू का? (वाचक, रावेर)

उत्तर: एवढ्यावरून नको. लोडवर आवाज वाढणं हे क्राउनचंही लक्षण आहे आणि मागच्या व्हील बेअरिंगचंही. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

गाडी भरलेली असतानाच मोकळ्या, सरळ रस्त्यावर ५० चा वेग धरा. आधी ॲक्सिलरेटर दाबा, मग पूर्ण सोडा. दाबल्यावर गुणगुण चढते आणि सोडल्यावर बंद होते किंवा सूरच बदलतो, तर संशय क्राउन-पिनियन आणि पिनियन बेअरिंगवर. दाबा की सोडा, आवाज तसाच राहिला तर न्यूट्रल करून गाडी वाहू द्या. इंजिन चालूच ठेवा; बंद केलंत तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. न्यूट्रलमध्येही घूं कायम असेल तर चाकं आणि टायर बघा. आता रस्ता मोकळा असताना स्टिअरिंग हलकंसं डावीकडे-उजवीकडे करा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. उलट असेल तर डावं. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलत असेल तर तो टायरचा आवाज. टायरच्या नक्षीवर तळवा पुढून मागे आणि मागून पुढे फिरवा; एका बाजूनं करवतीसारखं लागलं की समजा.

बेअरिंगचा संशय असेल तर १५-२० किलोमीटर चालवून, शेवटी जोरात ब्रेक न मारता थांबा आणि चारही हबजवळ (चाकाच्या मध्याजवळ) हात न्या. एकच जास्त तापलेला असेल तर तिथंच बघा, मात्र त्या चाकाचा ब्रेक चिकटलेला नाही ना हे आधी तपासा. मग जॅक लावा, गाडी घोडीवर ठेवा (नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका), चाक हातानं फिरवा आणि दुसरा हात कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यातून हाताला कळते.

संशय क्राउनवर गेला तरी हौसिंग खोलायच्या आधी तेल बघा. गाडी सपाटीवर उभी करून भरायचा बोल्ट काढा. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. आपल्याकडे तेल कमी होण्याचं एक कारण हमखास दुर्लक्षित राहतं: हौसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारं छोटं तोंड. काळ्या मातीची धूळ बसून तो चोंदतो, तेल तापलं की आत दाब वाढतो आणि पिनियनच्या सीलमधून तेल बाहेर येतं. नवं सील घालूनही पुन्हा गळतंय, तर बिचाऱ्या सीलचा दोष नाही. ब्रीदर काढून डिझेलनं धुवा. जुनं तेल पांढऱ्या कापडावर घ्या. करडी, मऊ मळी चालते. चमकणारे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर हौसिंग खोलावंच लागेल. भरताना मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, साधारणपणे जीएल-५ दर्जाचं तेल घाला. आणि क्राउन बदलायची वेळ आलीच तर पिनियनही त्याच जोडीचा घ्या. नुसता क्राउन टाकून वाचवलेले पैसे पुढच्या हंगामात व्याजासकट जातात.

प्रश्न: पहिला गिअर टाकून निघताना किंवा रिव्हर्स घेताना खालून एकदाच 'ठक्' होतं. नंतर गाडी छान चालते. (वाचक, धुळे)

उत्तर: बहुधा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याच्या जोडातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. सपाटीवर चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी न्यूट्रल करा, इंजिन बंद. जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक हात धरून उलट दिशांना पिळा. इथं केसभरही खेळ चालत नाही. क्रॉसच्या टोकावरच्या कपाभोवती तांबूस, कोरडी भुकटी दिसली तर आतल्या सुया गंजून दळल्या गेल्या आहेत. त्यात ग्रीस मारून उपयोग नाही. भुकटी नसेल तर ग्रीसगन लावा. चारही कपांतून ग्रीस डोकावलं पाहिजे. तीनमधून आलं आणि एक कोरडा राहिला, तर तोच पुढचा बळी.

शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा आणि बसवताना खुणा जुळवा. हे विसरलं तर ठक् जातं आणि कंप येतो. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगचं रबरही बघा; ते फाटलं की लोड घेऊन निघताना सगळी गाडी थरथरते.

क्रॉस चांगला निघाला तर ॲक्सल कमानीला आवळणारे यू-बोल्ट आणि कमानीचा सेंटर बोल्ट बघा. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो. कमानीच्या पुढच्या डोळ्यापासून हबच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपनं दोन्ही बाजूंना मोजा. फरक दिसला की उत्तर मिळालं.

प्रश्न: न्यूट्रलवर गाडी उभी असताना खर्र आवाज, क्लच दाबला की बंद. क्लच प्लेट गेली का? (वाचक, चोपडा)

उत्तर: नाही. क्लच दाबल्यावर थांबतो तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. क्लच दाबल्यावर सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना काम करणारं). आधी गिअरबॉक्सचं तेल बघा. बॉक्स उतरवावाच लागला तर रिलीज बेअरिंग आणि प्लेट त्याच मजुरीत तपासून घ्या.

प्रश्न: चाळीसगावहून कन्नड घाट चढताना शिट्टी वाजते, काळा धूर येतो, ओढ कमी होते. टर्बो गेला म्हणतात. (वाचक, चाळीसगाव)

उत्तर: टर्बोला (इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या पंख्याला) हात लावण्याआधी टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप बघा. चीर बहुतेक वेळा क्लॅम्पखाली किंवा वळणाच्या पोटात असते. पाइप हातानं वाकवल्याशिवाय ती दिसत नाही. दाबाची हवा तिथून निसटते तेव्हा शिट्टी वाजते, आणि हवा कमी पडल्यानं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो. पाइप शाबूत असतील तर इंजिन गार असताना टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून चाक बोटानं हलवा. आडवा किंचित खेळ असतो, पण पाती कवचाला घासत असतील किंवा पुढे-मागे हलत असतील तर टर्बो. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका; एखादा मिनिट आयडलवर राहू द्या.

प्रश्न: थंडीत सकाळी इंजिनात टिकटिक होते, गरम झाल्यावर जाते. टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) जुळवून झाले, फरक नाही. (वाचक, शहादा)

उत्तर: मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट बघा. फट गार असताना उघडी असते, लोखंड तापून फुगलं की मिटते. हेडला मॅनिफोल्ड जिथं बसतो तिथं काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसेल. एखादा स्टडही तुटलेला असू शकतो.

याच पत्रात विचारलंय की एकेका इंजेक्टरचा पाइप ढिला करून बघू का. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात तसं करत. कॉमन रेलवर (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांवर) हे चुकूनही करू नका. चालू इंजिनात त्या पाइपमध्ये हजार बारच्याही वर दाब असू शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. तसं झालंच तर जखम कितीही लहान दिसो, थेट दवाखान्यात जा. तपासणी स्कॅनरवर करून घ्या.

प्रश्न: सकाळी स्टार्ट केल्यावर बेल्ट किंचाळतो. मिस्त्री साबण लावतो. (वाचक, अमळनेर)

उत्तर: साबण, पावडर, तेल काहीच नको. इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे लांब ठेवून बेल्टच्या दात्यांकडच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर गेला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी किंवा बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला. बेल्ट काढून इंजिन चालवायचं तर अर्ध्या मिनिटाच्या वर नको, आणि तेव्हा गाडी जागची हलवू नका: बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवर असतो.

प्रश्न: इंजिन गरम झालं की खालून जाड धडधड येते, रेस केली की वाढते, आयडलवर ऑइलचा दिवा लुकलुकतो. भुसावळहून जळगावपर्यंत हळूहळू नेता येईल का? (वाचक, भुसावळ)

उत्तर: नाही. हे क्रँकच्या बेअरिंगचं लक्षण आहे. इंजिन बंद करा, ऑइलची पातळी बघा, आणि पातळी बरोबर असली तरी पुन्हा स्टार्ट करू नका. आत्ता कदाचित बेअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगवर भागेल. रॉड तुटून ब्लॉक फुटला तर इंजिनच बदलावं लागेल. टोचन करून न्या.