वाचक विचारतात : आयरिश मैफलीतले वादक

प्रश्न : नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून डब्लिनला राहते. मागच्या महिन्यात पारंपरिक आयरिश संगीताची एक सायंमैफल ऐकली. मंचावर सहा जण अर्धवर्तुळात बसले होते. कोणापुढे कागद नव्हता, कोणी हातवारे करून सूचना देत नव्हते, तरीही एक धून संपताक्षणी दुसरी धून सगळ्यांनी मिळून उचलली. हे कसे ठरते? (एक वाचिका, डब्लिन)

उत्तर : बरेचसे आधी ठरलेले असते आणि उरलेले मंचावर बसल्या बसल्या ठरते. या संगीतातली बहुतेक धून मुळात नाचासाठीची आहे, त्यामुळे तिचा साचा पक्का असतो. आठ मात्राखंडांचा पहिला भाग दोनदा आणि तेवढाच दुसरा भाग दोनदा वाजवला की ३२ खंडांचे एक आवर्तन पुरे होते. 'रील' या चार ठोक्यांच्या जलद प्रकारात एका आवर्तनाला अर्ध्या मिनिटाहून थोडाच अधिक वेळ लागतो. अशी दोन किंवा तीन आवर्तने झाली की न थांबता पुढची धून सुरू होते, आणि दोन-तीन धुनांच्या अशा माळेला 'सेट' म्हणतात. सेटमध्ये कोणत्या धुना घ्यायच्या हे वादकांनी पडद्यामागेच ठरवलेले असते. पण एखादी धून दोनदा घ्यायची की रंगली म्हणून तिसऱ्यांदा, हे पुष्कळदा तेव्हाच्या तेव्हा ठरते. पुढल्या वेळी आवर्तनाच्या शेवटच्या दोन खंडांत वादकांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. इतका वेळ डोळे मिटून किंवा जमिनीकडे पाहत वाजवणारी फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) मान वर करते, बासरीवाल्याची नजर तिच्या नजरेला भिडते, एखादा 'हप्' असा हलका हुंकार देतो, आणि धून बदलते.

ही सवय मंचावरची नाही. हे संगीत शतकानुशतके स्वयंपाकघरातल्या शेगडीभोवती वाढले आणि पुढे पबमधल्या टेबलाभोवती रुजले. तिथे वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि श्रोत्यांकडे पाठ असली तरी कोणाला वावगे वाटत नाही. मैफलीतले अर्धवर्तुळ म्हणजे तेच वर्तुळ श्रोत्यांसाठी थोडे उघडून दिलेले आहे. सगळे जण एकच सुरावट वाजवत असूनही ती सपाट का वाटत नाही, याचे कारणही इथेच आहे : फिडलवाला ज्या स्वरावर बोटाने झटकन मुरका घेतो, तिथे बासरीवाला श्वास घेण्यासाठी स्वरच गाळतो आणि कॉन्सर्टिना (हातांत धरायची छोटी भात्याची पेटी) वाजवणारी दोन स्वर जोडून टाकते. एकाच वाक्याचे हे तीन उच्चार एकमेकांवर घासतात, आणि माझ्या मते या संगीताची खरी गोडी त्या घासण्यातच आहे. ध्वनिक्षेपणाच्या नादात सगळी वाद्ये गुळगुळीत एकजीव करून टाकणाऱ्या मैफली मला म्हणूनच फारशा रुचत नाहीत.

प्रश्न : इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवणारा कलाकार तोंडाने फुंकत नाही, मांडीवर चामड्याचा तुकडा बांधतो आणि दर पंधरा मिनिटांनी सूर लावत बसतो. तिकीट काढून आलेल्यांसमोर हे शोभते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तक्रार समजते, पण वादकाची बाजू ऐकल्यावर आपला राग निवळेल, अशी आशा आहे. आयरिश भाषेत 'इलन' म्हणजे कोपराचे. उजव्या कोपराखाली भाता असतो, तो हवा भरतो. डाव्या कोपराखाली पिशवी असते, तिच्यावरच्या दाबाने ती हवा नळ्यांत जाते. वादक बसलेला असतो आणि सुरावटीच्या नळीचे टोक मांडीवरच्या त्या चामड्यावर टेकवतो. नळीची सगळी छिद्रे बोटांनी बंद असताना टोकही चामड्यावर दाबले की आवाज पूर्ण थांबतो. म्हणूनच या वाद्यात तुटक स्वर काढता येतात. स्कॉटलंडच्या उभ्याने वाजवायच्या पाइप्समध्ये हवा सतत वाहत राहते आणि ही सोय नसते. वरच्या सप्तकात जायचे असेल तर क्षणभर नळी बंद करून पिशवीवरचा दाब वाढवावा लागतो. जवळून पाहिल्यास त्या वेळी वादकाची मांडी आणि नळी यांच्यात एक अगदी छोटी झटापट चाललेली दिसते.

पूर्ण संचात सुरावटीची एक, अखंड वाजणाऱ्या आधारस्वरांच्या तीन आणि मनगटाच्या कडेने चाव्या दाबून स्वरमेळ देणाऱ्या तीन, अशा सात नळ्या असतात. प्रत्येकीत बोरूची पत्ती असते, आणि प्रत्येक पत्ती सभागृहातल्या उष्णतेप्रमाणे व दमटपणाप्रमाणे आपापला हट्ट धरते. विंगेत अचूक लावलेला सूर दिव्यांच्या झोतात येताच सरकतो, त्यामुळे तयारी करून येणे हा यावर उपाय नाही. सात वर्षे शिकावे, सात वर्षे सराव करावा आणि सात वर्षे वाजवावे, तेव्हा कुठे पाइपर तयार होतो, अशी आयर्लंडमधली जुनी म्हण आहे. तिच्यातली बरीच वर्षे पत्त्यांशी भांडण्यात जात असावीत. या वादनकलेचा २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

प्रश्न : मी तबला शिकतो. एका आयरिश मैफलीत चामडे ताणलेल्या कड्यावर ताल देणारा वादक सबंध संध्याकाळ मागेच बसून होता. आपल्याकडे तबलजीला जसा मान आणि वाव मिळतो, तसा त्याला का मिळत नाही? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ते वाद्य बाउरान. लाकडी कड्यावर बहुधा शेळीचे कातडे ताणलेले असते. एका हातातल्या छोट्या दांडीने ते वाजवतात आणि दुसरा हात कड्याच्या आत कातड्यावर दाबून, सरकवून स्वर चढवतात-उतरवतात. आपण त्या आतल्या हाताकडे पाहिले नसावे. बायाँवर मनगट घासून जे साधते, त्याच्याशी त्याचे दूरचे नाते आहे.

मंचावर मात्र हे वाद्य नवखे आहे. पूर्वी ते प्रामुख्याने २६ डिसेंबरला सोंगे घेऊन दारोदार फिरणाऱ्या मंडळींच्या हाती दिसे. संगीतकार शॉन ओ रिआदा यांनी १९६०च्या सुमारास क्योल्तोरी खुआलन हा वृंद उभा केला, त्यात बाउरानला जागा दिली, आणि तेव्हापासून त्याला प्रतिष्ठा आली. त्याआधीच्या 'केली', म्हणजे सामूहिक नाचाच्या, बँडमध्ये नाचणाऱ्यांसाठी सगळे जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदम वाजवत, ताल ड्रमसेट आणि पियानो सांभाळत. ओ रिआदांनी वाद्ये एकामागून एक आत आणली, मधूनच एकट्या फिडलला किंवा एकट्या पाइप्सला सोडले आणि नाचाचे संगीत बसून ऐकण्याजोगे केले. त्यांच्याच वृंदातले पाइपर पॅडी मलोनी यांनी १९६२मध्ये 'चीफ्टन्स' स्थापन केला, आणि जगभरच्या सभागृहांत आज जी आयरिश मैफल दिसते, तिचा साचा पुष्कळसा या दोन वृंदांनी घातलेला आहे.

साथ आणि वाव यांविषयी एवढेच सांगता येईल की नाचाच्या धुनेत ताल सुरावटीच्या पोटातच असतो; फिडलचा गज आणि जमिनीवर आपटणारा बूट यांनी तो आधीच सांगून झालेला असतो. म्हणून चांगला बाउरानवादक कमी वाजवतो. पबमध्ये दुसरा बाउरानवाला येऊन बसला की जुन्या वादकांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या याच कारणाने.

प्रश्न : धून चालू असताना श्रोत्यांनी टाळ्यांचा ठेका धरावा का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : वादकांनी सुचवले तर धरावा, एरवी नाही. मागच्या रांगांतल्या टाळ्या मंचावर किंचित उशिरा पोहोचतात आणि लय ओढतात.

प्रश्न : मैफलीच्या मध्यावर एक वयस्कर बाई एकट्याच, वाद्याविना गायल्या. शेजारच्या गृहस्थांनी त्यांचा हात धरून तो संथपणे गोल फिरवत ठेवला होता. गाण्याचा शेवट मात्र त्यांनी न गाता पुटपुटल्यासारखा केला. त्यांची तब्येत बरी नव्हती का? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : तब्येत उत्तम असावी. आपण 'शान-नोस', म्हणजे जुन्या रीतीचे, गाणे ऐकले. ते मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिशभाषक भागांत टिकले. साथ नसते, लय शब्दांच्या बोलण्याप्रमाणे लांबते-आखडते, आणि विशेषतः पश्चिमेतल्या कॉनमारा भागाकडचे गायक एकेका अक्षरावर बारीक मुरक्या घेतात. गाणाऱ्याचे डोळे बहुधा मिटलेले असतात. हात धरणे ही ऐकणाऱ्याची सोबत आहे. कडव्याच्या शेवटी कोणी 'मह हू', म्हणजे 'शाबास', असेही म्हटलेले आपल्या कानी आले असेल. शेवटचे शब्द गायचे नाहीत, साध्या आवाजात बोलायचे, ही त्या गायकीची जुनी रीतच आहे. इतका वेळ कुणा बुडालेल्या नावाड्याचे किंवा सोडून गेलेल्या प्रियकराचे दुःख गाणारी बाई त्या चार शब्दांत पुन्हा आपली शेजारीण होऊन खुर्चीत बसते.